दिवाळसणाची फिकी वडी

२ ऑगस्ट १९४४, बुधवार

काल विजयाची पहिली मंगळागौर झाली. बायका रात्रभर झिम्मा-फुगड्या खेळल्या आणि माझी कंबर आज बोलायला लागली आहे. विजया सगळ्यांत पुढे होती, हसत होती, पण ते हसणं मला काही खरं वाटलं नाही.

आज दुपारी माजघरात भांडी आवरताना मी सहज विचारलं, "दिवाळसणाला हेमचंद्ररावांसाठी काय करू गं? जिलबी की बासुंदी?" तर ही हातातलं पातेलं खाली ठेवून रडायलाच लागली.

"त्यांना गोड चालत नाही, आई. त्यांना मधुमेह आहे."

मला आधी हसूच आलं. सत्ताविशीतला पोरगा, संगमनेरच्या शाळेत मुलांना गणित शिकवतो, त्याला म्हाताऱ्यांचा रोग कुठून लागणार? मग तिनं सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या मांडीत सुई टोचून घेतात. औषध पुण्याहून येतं आणि लढाईमुळं ते मिळायची मारामार. नाही मिळालं तर काय, ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

"तुला कळलं कधी?"

"लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात. सुई उकळत ठेवलेली दिसली. मी दारात थिजून उभी, तर माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, 'तुम्ही हो म्हणालात, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.' मला इतका संताप आला, आई, की तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते."

केवढा कोडगेपणा! रोग लपवून पोर पदरात पाडून घ्यायची आणि वर उपकाराची भाषा. आणि त्याची ती आई! लग्नात सारखे माझे हात धरून "तुमचं मन मोठं" म्हणत होती. आता कळलं, कशाला म्हणत होती ते.

४ ऑगस्ट

विजयाला शपथ घातली आहे, यातलं अवाक्षर वडिलांना कळता कामा नये. हे स्थळ ह्यांनीच आणलं. त्याआधी चार ठिकाणांहून नकार आले होते. एकाला पोर उंच वाटली, दुसऱ्याला सावळी, तिसऱ्याला तिचं इंग्रजी शिकणं खुपलं. चौथ्यानं तर पोहे खाऊन कारणसुद्धा दिलं नाही. बावीस उलटली तेव्हा वन्सं रोज जेवताना "अजून नाहीच का?" म्हणायच्या. आणि अशात हे कचेरीच्या कामाला संगमनेरला गेले ते लग्न ठरवूनच आले. हुंडा नको, मानपान नको, फक्त मुलगी द्या. मी त्याच दिवशी देवीची ओटी भरून आले.

ह्यांना खरं कळलं तर हाय खातील. कचेरीत शिरस्तेदार म्हणून सगळे वचकून असतात, पण घरात मनानं हळवे. विजया सासरी निघाली तेव्हा तोंड फिरवून उभे राहिले, तिच्याकडे बघवेना. आत्तासुद्धा पोर घरात आहे तर हे उशिरापर्यंत कचेरीतच बसतात. जावयाची साधी चौकशी केली नाही. पुरुषांना लेकीच्या संसारातलं विचारायला संकोच वाटतो.

२९ सप्टेंबर

दसरा झाल्यावर हे जाऊन विजयाला दिवाळीसाठी घेऊन आले. पोर वाळली आहे. अंगावरची चोळी सैल झाली आहे.

मी जवळ बसवलं तर शांतपणे म्हणाली, "दिवाळसण झाला की मी परत जाणार नाही. ते एकटे जातील."

लेक सासरहून परत आली की गल्ली काय बोलते ते मला ठाऊक आहे. वन्सं तर नुसत्या नजरेनं सोलतील. पण मी म्हटलं, "बरं." फसवणाऱ्याच्या घरात माझी पोर मी कुजवणार नाही. फक्त दिवाळसण यथासांग होऊ दे, आमच्या बाजूनं नाव ठेवायला जागा नको. मग हेमचंद्ररावांना मी समोर बसवून विचारणार आहे.

आता अडचण ताटाची. दिवाळसणाला जावयाच्या पानात काय वाढलं आणि त्यानं किती खाल्लं, यावर सगळ्यांचा डोळा. पानात गोड नसलं तर सासू चिक्कू. असून त्यानं खाल्लं नाही तर जावई रुसला. आणि खाल्लं तर तो मरणार. माझा राग आहे, पण तेवढा नाही.

"गुळाचं करते," मी म्हटलं.

"गूळ म्हणजे साखरच, आई. खजूरही नको, केळंही नको. डॉक्टर म्हणाले, पेरू थोडा चालेल, तोही अर्धाकच्चा."

झालं. म्हणजे दिवाळसणाला जावयाला अर्धाकच्चा पेरू.

२ ऑक्टोबर

दोन-तीन दिवस डोक्यात पेरूच आहे. कापून दिला तर फराळ वाटेल, शिजवला तर भाजी. ताटात वडीसारखा दिसायला हवा, वर केशर, बदाम, राजेशाही थाट. आपल्याकडे नानकटाईची ताटं भट्टीत देतातच, तशी पेरूची वडी भट्टीत भाजून आणली तर? नगरातली सोवळी घरंसुद्धा भिंगारच्या गनीभाईकडं नानकटाई भाजून आणतात. पीठ आपलं, ताट आपलं, भट्टी कुणाची ते विचारायचं नाही.

ह्यांच्याजवळ खडा टाकून पाहिला. म्हटलं, "साखर कंट्रोलवर, तर यंदा जिलबी नको म्हणते. पेरूचं काहीतरी भाजून करीन."

मला वाटलं होतं चिडतील. दिवाळीत जिलबी नाही म्हणजे ह्यांच्या लेखी सुतकच. पण लगेच म्हणाले, "उत्तम. अगदी उत्तम." आणि पेपर तोंडासमोर धरला. किती सहज फसतात बिचारे! मलाच वाईट वाटलं.

५ ऑक्टोबर

पहिला घाणा आमच्या भांडीवाल्या बायडाबाईच्या म्हशीच्या कामाला आला.

पेरू तिनंच आणून दिले होते. भांडी घासता घासता टोमणा मारलाच, "जावायाला असलं कच्चं घालताय व्हय? लई दगडी हायती." उकडून, बिया काढून गर केला, रवा, लोणी, बदामाचा कूट, वेलची घातली आणि सगळ्या ताटाला मिळून चमचाभर साखर. टांग्यानं भिंगारला गेले. किल्ल्यात पुढारी कैदेत, त्या बाजूनं पहाऱ्यावाले टांगा जाऊ देत नाहीत, वळसा पडला, तोवर ताटातल्या गराला पाणी सुटलं. गनीभाई कँटोन्मेंटच्या पावाचा घाणा काढत होता. ताट पाहून म्हणाला, "बाई, हे काय हाय? लापशी?"

भाजूनही ते पांढरंफटक आणि मऊच राहिलं. "साखर न्हाई तर रंग कुठनं येनार?" गनीभाई म्हणाला. विजयानं बोटभर चाखलं आणि पहिल्यांदा खरी हसली. म्हणाली, "आई, हे त्यांना दिलंस तर तेच मला सोडून जातील."

७ ऑक्टोबर

गर फडक्यात घट्ट बांधून रात्रभर टांगला, सकाळी उन्हात ठेवला. आज ताट भट्टीतून निघालं ते सोन्यासारखं! कडा खमंग, सुरी घातली तर वडी उभी राहिली. आणि गोड किती! मी तर भट्टीवरच उभ्या उभ्या दोन खाल्ल्या. म्हटलं, पेरूत एवढी गोडी होती आणि आपण उगाच साखरेमागं धावत होतो.

निघताना गनीभाईची बायको सकीना हळूच म्हणाली, "गोड झाली न्हवं? ह्यांनी मिल्ट्रीची साखर भुरभुरली वरनं, चांगली मूठभर. म्हनले, बाईच्या घरी जावय येनार, अन् फिकं कसं द्यायचं? तुमी काय द्यायचं न्हाई त्येचं."

मी मटकन बसले. त्यांना वाटलं, आनंदानं बसले. काय बोलणार त्या माणसांना? प्रेमानंच घातली होती. "माझ्या सासऱ्यांचा नवस आहे, साखर न घालण्याचा," असं धडधडीत खोटं सांगून सुटले. सासरे जाऊन बारा वर्षं झाली. गनीभाईनं कानाला हात लावला.

विजयाला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "ती खाल्ली असती तर, आई?" आणि बराच वेळ सुपातले पेरू उगाच उलटेपालटे करत बसली.

११ ऑक्टोबर

जमलं! साखर तीच, चमचाभर. गर सुकवलेला, त्यात घट्ट चक्का, जायफळ जरा सढळ आणि भट्टीत सारण्याआधी वरून केशराच्या दुधाचा हात. दुधानं रंग येतो, हे माझं मलाच सुचलं. गोडीला फिकी आहे, पण आंबूस-खमंग लागते.

ह्यांनी आज बाजारातून एक स्पिरिटचा दिवा आणला आणि कोरं मडकं. मडक्यात ओली वाळू भरून न्हाणीघराशेजारच्या अंधाऱ्या कोनाड्यात ठेवलं. "हे कशाला?" म्हटलं तर म्हणाले, "विड्याची पानं ताजी राहतात." आणि दिवा? "पाहुण्यांना पहाटेचा चहा." जावयासाठी एवढी हौस! मी जे लपवते आहे ते ह्यांच्या कानावर गेलं तर काय होईल!

१६ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

सगळे झोपल्यावर लिहिते आहे.

हेमचंद्रराव काल संध्याकाळी कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं धुरानं काळेकुट्ट होऊन आले. पहाटे अभ्यंगस्नान, औक्षण, सगळं रीतीनं झालं. दुपारी पंगत बसली. चांदीचं ताट, भोवती रांगोळी, मधोमध माझी वडी, वर केशराच्या काड्या. सगळ्यांनी वाखाणली. हेमचंद्ररावांनी एक खाल्ली, थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी मागून घेतली.

तेवढ्यात वन्सं पदराखालून परात घेऊन आल्या. स्वतःची साखर साठवून जिलब्या करून आणल्या होत्या! "पहिल्या दिवाळसणाला जिलबीशिवाय जावई उठला तर आमच्या घराण्याचं नाव जाईल," म्हणत चार जिलब्या त्यांच्या ताटात. हेमचंद्रराव नको नको म्हणाले, तसा वन्संना चेव चढला. सगळी पंगत "घ्या हो, घ्या हो" करायला लागली. विजया भिंतीला टेकून पांढरी पडली. हेमचंद्ररावांनी शेवटी एक जिलबी उचलली.

आणि हे कडाडले, "ताई, आग्रह पुरे! घे ते ताटातलं काढून!"

 उभ्या जन्मात हे थोरल्या बहिणीशी असं चढ्या आवाजात बोलले नव्हते. वन्सं रडत परात घेऊन आत गेल्या. मी मनात म्हटलं, देवच बोलला ह्यांच्या तोंडून. इतकी मी आंधळी.

दुपारी सगळे लवंडले होते. हेमचंद्रराव स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "मामी, ती वडी तुम्ही माझ्यासाठी म्हणून शोधून काढलीत ना? विजया म्हणाली, पंधरा दिवस खपत होतात. माझ्या आईशिवाय माझ्या खाण्याचा असा विचार कुणी केला नव्हता." त्यांचे डोळे भरले होते.

ते डोळे पाहून मला जास्तच चेव आला. दिवाळसण झाला होता, आता कुणाची भीड? म्हटलं, "आम्ही फसवणाऱ्यालाही उपाशी उठवत नाही, हेमचंद्रराव. रोग लपवून लग्न केलंत. माझ्या पोरीचं आयुष्य घेतलंत. वडी खाल्लीत ना? आता एकटेच परत जा."

ते अगदी हळू म्हणाले, "लपवून? मामी, मी स्वतः मामांना सांगितलं होतं. आमच्या ओसरीवर, आईच्या देखत. सुईची डबी उघडून दाखवली. म्हटलं, मुलीला सांगा, तिच्या आईला सांगा, सगळ्यांनी विचार करा आणि नाही म्हणालात तरी आम्हांला वाईट वाटणार नाही. मामांनी उलट कळवलं, मुलीला सगळं सांगितलं आहे, ती आनंदानं तयार आहे."

मी म्हटलं, "खोटं." पण म्हणतानाच मला ते मडकं आठवलं. उठले, न्हाणीघराकडं गेले. कोनाड्यात ओल्या वाळूच्या गारव्यात सुईच्या औषधाच्या दोन बाटल्या खोचून ठेवलेल्या. शेजारी सुई उकळायला तो दिवा. विड्याचं एकही पान नव्हतं.

परत आले तर विजया दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हेमचंद्रराव तिला म्हणाले, "मला वाटत होतं, तुम्ही जाणून आलात. म्हणून इतके दिवस तुमचा अबोला मला समजत नव्हता. वाटायचं, पश्चात्ताप होतोय. तुम्हांला इथं राहायचं असेल तर राहा. मी कुणाला दोष देणार नाही."

आणि ओसरीवर जाऊन बसले.

१७ ऑक्टोबर

ह्यांना विचारलं. दाढी करत होते. थांबलेसुद्धा नाहीत.

"तुम्हांला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलं? तिला का नाही?"

"सांगितलं असतं तर नाही म्हणाली असती. तूही नाही म्हणाली असतीस." वस्तरा पुसला. "मुलगा चांगला आहे. आणखी किती वर्षं तिला घरात ठेवणार होतो? रोज ताईचं ऐकायचं, रोज बाहेरचे विचारायचे. मी माझ्या परीनं वाट काढली. आणि तो मुलगा नीट राहावा म्हणून काल मी भर पंगतीत ताईला बोललो, ते दिसलं नाही तुला?"

म्हणजे ह्यांनी उलट आभाराची अपेक्षा केली. मी अडीच महिने ह्यांना जपत होते! ह्यांचं मन मोडू नये म्हणून पोरीला शपथ घालत होते, गनीभाईशी खोटं बोलत होते, नवऱ्याला फसवलं म्हणून देवापुढं नाक घासत होते. आणि संगमनेरच्या त्या माउलीला, जिनं सगळं उघड करून वर माझे हात धरले, तिला मी मनातून शिव्या घालत होते. मला ह्या घराचीच शिसारी आली आहे.

विजया काल रात्रीपासून वडिलांशी बोललेली नाही. त्यांनी हाक मारली तरी ओ देत नाही.

१८ ऑक्टोबर, पाडवा

विजया गेली. त्यांच्याबरोबर गेली.

सकाळी त्यांना ओवाळलं, ट्रंक भरली. मी म्हटलं, "तुझी इच्छा नसेल तर जाऊ नकोस. मी सगळ्यांशी भांडेन."

म्हणाली, "माझी इच्छा कुणी विचारली होती, आई? त्यांनी विचारली होती, एकट्यांनी. ती माझ्यापर्यंत पोचली नाही, यात त्यांचा काय दोष? त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते अजून मलाच ठाऊक नाही. पण ज्या घरात मला खपवलं त्या घरात मी राहणार नाही."

निघताना माझ्या पाया पडली, वन्संच्या पडली. वडील चौकटीशी उभे होते, आशीर्वादासाठी हात अर्धा उचललेला. ती त्यांच्यासमोरून निघून गेली. हेमचंद्रराव मात्र वाकले. ते वाकले, हेच मला सहन झालं नाही.

मोटारीत चढताना विजयानं मागं वळून विचारलं, "आई, गर किती वेळ टांगायचा म्हणालीस? रात्रभर?"

"रात्रभर. आणि वरून दुधाचा हात, विसरू नकोस," मी म्हटलं. मोटार हलल्यावर मी रस्त्यातच रडले.

संध्याकाळी पाडव्याचं ओवाळायचं म्हणून हे पाट मांडून बसले, दरवर्षीसारखे. वन्सं बघत होत्या. मी ओवाळलं. तोंड गोड करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून जावयासाठी केलेल्या वड्यांतली उरलेली ताटलीत ठेवली. ह्यांनी चावली, जरा चघळली, आणि म्हणाले, "चांगली आहे. थोडी साखर हवी होती."

मी साखरेचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि वाढायला न थांबता उठून गेले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा. मागून हाक आली, "अगं, चमचा?" मी गेले नाही.